सकाळचं इन्सुलिन, दुपारी दीडला

इन्सुलिनची आठवण करून देणारं एक ॲप आम्ही मधुमेहाच्या एका डॉक्टरांसाठी बनवलं होतं. त्यांचे पेशंट बहुतेक साठीच्या पुढचे, काही इंदूरचे, काही देपालपुराकडचे. काम दिसायला सोपं. ठरल्या वेळी फोन वाजवायचा आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचं, ‘सकाळचं इन्सुलिन’. म्हातारी माणसं फोन सायलेंटवर टाकून विसरतात, म्हणून आवाज बंद असला तरी आमचा अलार्म वाजलाच पाहिजे, असा हट्ट मी धरला होता. त्यावरून मीटिंगमध्ये भांडलेही होते. मला भांडायला फारसं निमित्त लागत नाही.

राजेंद्र नगरात मी आणि आई, दोघीच राहतो. आईलाही ॲप मीच लावून दिलं होतं. शाळेत गणित शिकवून रिटायर झालेली ही बाई. घड्याळाच्या काट्यावर जगणारी. तिला आठवण करून द्यायची गरज नव्हती, पण पोरीनं बनवलंय म्हणून तिनं कौतुकानं वापरायला घेतलं.

त्या दिवशी सकाळी उशिरा आम्ही नवं व्हर्जन सोडलं आणि रिवाजाप्रमाणे सगळे खाली पोहे खायला गेलो. वर येऊन बघते तर आमची टेस्टर हातात फोन धरून उभी. ती जुन्या इंदुरातली, एरवी तोंडाची टकळी बंद नसते. आज तिनं नुसता फोन पुढे केला.

“ताई, ये देखो जरा,” ती म्हणाली. “पुढचा अलार्म सकाळच्या डोसचा आहे, पण टाइम दुपारी दीडचा दाखवतोय. गलत आहे ना हे?”

चूक होतीच, आणि कुठली ते माझ्या लगेच लक्षात आलं. नव्या व्हर्जननं सकाळचे आठ हे लंडनचे आठ समजले होते आणि त्यात आपले साडेपाच तास मिळवून टाकले होते. टेस्टिंगमध्ये हे कुणालाच सापडलं नव्हतं, कारण आम्ही सगळे अलार्म ‘दोन मिनिटांनी’ असाच लावून बघायचो. खऱ्या वेळेची वाट बघत कोण बसणार? आणि दोन मिनिटं लंडनला काय, इंदूरला काय, दोनच असतात.

म्हणजे सकाळी आठला सगळ्यांनी इन्सुलिन घेतलेलं होतं. आता दीडला फोन पुन्हा वाजणार आणि पुन्हा सांगणार, सकाळचं इन्सुलिन घ्या. दुसऱ्यांदा घेतलं तर साखर खाली जाते आणि माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडू शकतो.

“अरे, टेन्शन मत लो भिया,” आमचे साहेब म्हणाले. इंदुरी माणूस, बाई असो की पुरुष, त्यांना सगळे भियाच. “दूसरा अपडेट डाल दो.”

माझं डोकं फिरलं. वेबसाइट असती तर सर्व्हरवर दुरुस्ती करून मोकळे झालो असतो. ॲप एकदा लोकांच्या फोनात उतरलं की ते परत बोलावता येत नाही. नवं व्हर्जन पोचायला संध्याकाळ होणार. आणि गडबड झालीच तर सगळे अलार्म इथून बंद करता यावेत, अशी सोय मी किती वेळा मागितली होती! दर वेळी हेच उत्तर, “अगले फेज में देखेंगे.”

“सर, लोग मर जाएँगे,” मी सगळ्यांसमोर ओरडले. “फोन उठाओ सब!”

नवं व्हर्जन पुढे जाणं थांबवलं, दुरुस्तीला एकाला बसवलं, आणि बाकी आम्ही सगळे फोनला लागलो. तिथे दुसरीच गंमत कळली. ॲप आईबापांचं, पण नोंदवलेला नंबर पोरांचा. ओटीपीची कटकट नको म्हणून प्रत्येक मुलानं स्वतःचाच नंबर टाकलेला. मी देपालपुरातल्या आजींना फोन करायची आणि पुण्यातला मुलगा “लोन नको” म्हणत कापून टाकायचा. दुसऱ्यांदा लावला की आधी चिडायचा, मग घाबरायचा, मग म्हणायचा, थांबा, बाबांना सांगतो.

आई आठवली नव्हती असं नाही. पण ती घरचीच, तिला केव्हाही सांगू, असं म्हणत मी पुढचे फोन लावत राहिले. तेवढ्यात माझाच मोबाइल वाजला. उचलला, तर शेजारच्या खुर्चीवरून टेस्टर बोलत होती. “हॅलो जी, आपके यहाँ इन्सुलिन—” आणि ती थांबली. “ताई, ये तो आपका नंबर है.”

आईच्या नावापुढे मीही माझाच नंबर टाकला होता.

मी आईला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. क्रेडिट कार्डवाले छळतात म्हणून जेवायच्या वेळी ती फोनचा आवाज बंद करते, हे आठवलं. माझा फोन तिला ऐकू जाणार नव्हता. अलार्म तेवढा जाणार होता. शेजारच्या काकू नेमक्या मुलीकडे उज्जैनला गेलेल्या. मी स्कूटरची चावी उचलली. साहेब म्हणाले, “तुम जाओ, हम करते हैं.” त्यांच्यावरचा राग तेवढ्यापुरता बाजूला ठेवला.

वाटेत रस्ता खणलेला, सिग्नल लाल, पुढे लग्नाचा बँड. मी हॉर्न दाबत, लोकांना शिव्या घालत निघाले. एका सिग्नलला घड्याळ बघितलं आणि पुन्हा बघायची हिंमत झाली नाही.

आई ताट घासत होती. टेबलावर इन्सुलिनचं पेन होतं, शेजारी टोपण.

“आज लवकर कशी?”

“घेतलंस?”

“हो, आत्ताच. वाजला ना तुझा अलार्म.”

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, खायला घालत राहा, साखर पुन्हा पुन्हा तपासा, बोलेनाशी झाली तर तडक घेऊन या. पुढची दुपार मी तिच्या बोटाला सुई टोचत काढली. मशीनवरचा आकडा दर वेळी खाली. तिच्या कपाळावर घाम आला, हात थरथरायला लागले, शब्द जड झाले. मी साखरेचं पाणी पाजत होते आणि मनात देवाला नवस बोलत होते, मी, जी देवाशीही भांडते. रिक्षावाल्याला दाराशी थांबवून ठेवलं होतं.

शेवटी आकडा थांबला. मग हळूहळू वर चढला. रिक्षावाल्याला जायला सांगितलं. ऑफिसातून मेसेज आला होता, सगळ्यांपर्यंत निरोप पोचला, कुणीही दुसरा डोस घेतला नाही. आमच्या घरचा तेवढा अपवाद.

तिला जरा बरं वाटल्यावर मी रडले आणि चिडलेही. “अगं, सकाळी घेतलं होतंस ना? तुला आठवलं नाही?”

“आठवत होतं की,” ती म्हणाली. “चांगलं आठवत होतं. पण म्हटलं, वय झालंय, मीच घोळ करत असेन. तू बनवलेलं कशाला चुकेल?”

त्या संध्याकाळी दुरुस्त व्हर्जन गेलं, अलार्म बंद करायची सोयही आठवड्याभरात झाली. आईला मी शंभरदा समजावलं, चूक ॲपची होती, तुझं बरोबर होतं. ती मान हलवते. वर्गातल्या पोरींचे हजेरी क्रमांक जिला अजून तोंडपाठ आहेत, ती आता सकाळी इन्सुलिन घेते, टोपण लावते, आणि माझ्याकडे वळून विचारते, “घेतलं ना गं मी?”