फक्कीच्या रेघांतली मिरजेची आत्या

माझ्या बायकोच्या आत्यांनी बांधून न झालेल्या जितक्या घरांत संसार केला आहे, तितक्या बांधलेल्या घरांत आमचे सगळे पाहुणेरावळे मिळूनही राहिले नसतील. मिरजेच्या एका इस्पितळात त्यांनी नर्स म्हणून जन्म काढला. निवृत्त झाल्या तेव्हा अख्खा वॉर्ड त्यांच्या नजरेच्या धाकात होता. तो हातचा गेला, तेव्हा त्यांनी लोकांच्या घरांचे प्लॅन हातात घेतले. विट्यापासून कराडपर्यंत नात्यागोत्यात कुणीही घर बांधायला काढलं, की नकाशा आधी मिरजेला जातो आणि मग नगरपालिकेत. गंमत अशी, की आत्या नकाशा वाचतच नाहीत. कागद उलटा धरतात, सुलटा धरतात, चष्म्यावरून एकवार बघतात आणि घडी घालून परत देतात. "कागदावर समदीच सुखात असत्यात," त्या म्हणतात. "मला जागा दावा."

जागेवर गेलं की त्या गवंड्याकडून फक्की मारून घेतात. फक्की म्हणजे मैदानावर रेघा ओढायची ती पांढरी भुकटी. सगळा प्लॅन त्या रेघांनी जमिनीवर उतरला, की आत्यांच्या लेखी घर बांधून झालं. त्यानंतर रेघ ती भिंत. माझा मोठा मेहुणा पोलिसात आहे, दारात मावणार नाही एवढा आडवा. तो आपल्याच प्लॉटवर स्वयंपाकघरातून बैठकीत सरळ चालत आला, तर आत्या कडाडल्या, "भिंतीतनं आलास व्हय रं? भूत हायस का? माघारी जा. दारातनं ये." आणि तो बिचारा माघारी गेला, वळसा घालून दारातून आला, आणि वर चौकट लागेल म्हणून मान खाली घालून आला! मग त्या रेघांत सबंध दिवस साजरा होतो. दूध उतू जातं, गॅसची टाकी येते, नको असलेला पाहुणा नेमका जेवायच्या वेळी टपकतो. सांगलीच्या एका नव्या जोडप्याला त्यांनी भर उन्हात उभं करून विचारलं, "भांडान झाल्यावर रुसून बसायला जागा कुटं ठिवलीया?" दोघं लाजून जमिनीकडे बघायला लागली. "लाजताय काय? एकाच खोलीत पाट फिरवून किती येळ बसशीला?" त्या घरात आज जिन्याखाली खिडकीशी एक छोटा कट्टा आहे, आणि तो दोघांनाही आलटूनपालटून उपयोगी पडतो, असं दोघंही सांगतात.

त्यांच्या गल्लीत तंबोरे बनवणारे एक गृहस्थ राहतात. त्यांनी माडी चढवायचं ठरवलं, तेव्हा आत्यांनी त्यांना खराखुरा तंबोरा उचलायला लावून रेघांच्या जिन्यावरून वर नेलं. वळणावर भोपळा भिंतीला लागला, म्हणजे रेघेच्या पलीकडे गेला, आणि आत्यांनी असा "आई गं!" केला की त्या गृहस्थांनी घाबरून तंबोरा छातीशी धरला. जिना रुंद झाला. एका मास्तरांच्या प्लॉटवर तर त्या स्वतः आजारी पडल्या. माजघराच्या रेघेत डोळे मिटून आडव्या झाल्या आणि चौघांना म्हणाल्या, "आता मला दवाखान्यात न्या." चौघांनी उचलून दोन वळणं घेईपर्यंत शेजारच्या घरातली म्हातारी बाहेर आली, तिनं हा प्रकार पाहिला आणि सूर लावून रडायला सुरुवात केली. आत्या खांद्यावरूनच म्हणाल्या, "गप वं, अजून दार यायचं हाय!" त्यांचं सगळंच बरोबर निघतं असं मात्र नाही. गॅलरी म्हणजे कबुतरांची सोय, असं म्हणून त्यांनी माझ्या साडूच्या घराची गॅलरी काढायला लावली. तो आजही संध्याकाळी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून उभा असतो आणि आत्यांचं नाव घेतो.

मग आमची पाळी आली. मी वडूजच्या कॉलेजात शिकवतो. आई तिकडं म्हसवडच्या बाजूला गावी एकटी राहायची. वडील गेल्यावर मेंढरं विकली, पण तिनं अंगण सोडलं नाही. एकदा ती त्या अंगणातच पडली आणि शेजारीण ताक मागायला येईपर्यंत तशीच पडून राहिली. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. वडूजच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटवर तिला आणली, की चार दिवसांत गाठोडं बांधून ती दारात उभी. "बरं हाय की हितं, पर जाती मी," एवढंच म्हणायची. म्हणून आम्ही प्लॉट घेतला. खरं सांगायचं तर ते घर तिच्यासाठीच होतं. साताऱ्याच्या आर्किटेक्टनं मन लावून प्लॅन केला होता. समोर गाडी, मग बैठक, मग स्वयंपाकघर, आणि सगळ्यात मागं, शांत, गार अशी आईची खोली, आतच न्हाणी-संडास. आईला कागद दाखवला, तर ती म्हणाली, "झ्याक हाय." तिच्या तोंडून दुसरं काही येणारच नव्हतं. मुलानं केलेल्या गोष्टीला ती आयुष्यात कधी वाईट म्हणाली नव्हती.

आत्या सकाळच्या एसटीनं आल्या. आईला गावाहून आणलं होतं, आर्किटेक्टलाही मी बोलावलं होतं. फक्की मारून झाली, बैठकीत चहा झाला, मंगलनं, म्हणजे माझ्या बायकोनं, रेघांच्या ओट्यावर पोळ्या लाटून दाखवल्या. मग आत्या आईकडे वळल्या. "ईनबाई, ही तुमची खोली. सकाळ झालीया. या, बसा."

आई पदर तोंडाला लावून हसली. पण गेली आणि त्या मागच्या चौकोनात मांडी घालून बसली.

"आता काय करताय?"

"काय करू? बसलीया."

"दुपार झाली."

"बसलीया की."

"सांज झाली. दिवा लागला."

आई समोरच्या रेघेकडे बघत राहिली. तिचं हसू कधी गेलं ते मला कळलंच नाही. मग हळूच म्हणाली, "हितं कोण येतंय का न्हाई वं, ताई?"

"आई, आम्ही आहोत की," मी म्हणालो.

"तुमी दोगं कामावर. नात साळंला," आई म्हणाली. तक्रार म्हणून नाही, सवयीनं. "असूंदे. झ्याक हाय खोली."

"झ्याकबिक ऱ्हाऊंदे," आत्या म्हणाल्या. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकत होतो. "ईनबाई, तुमी उटा, आन् तुमाला जितं बसू वाटतंय तितं जावा. कुनाला इचारू नका."

आई उठली. शिकवल्याप्रमाणे दारादारातून, एकाही भिंतीला न शिवता बाहेर आली आणि थेट जिथं माझी गाडी उभी राहणार होती, त्या कोपऱ्यात रस्त्याकडे तोंड करून बसली. थोड्या वेळात डोक्यावर कडब्याची पेंढी घेतलेली एक बाई रस्त्यानं आली आणि थांबली. "कुनाच्या वं तुमी?" आई म्हणाली, "मास्तरची आई." बाईनं पेंढी खाली टाकली. तिचं माहेर आईच्या गावाशेजारचं निघालं. आम्ही सगळे रेघांच्या आत उभे होतो आणि त्या दोघी मेंढरांच्या खांडव्याबद्दल, पावसाबद्दल, कुणाच्या तरी मोडलेल्या सोयरिकीबद्दल बोलत होत्या. आई हात हलवून हलवून बोलत होती. वडील गेल्यापासून मी तिला इतकं बोलताना पाहिलं नव्हतं.

"गाडी कडेनं मागं जाऊ शकते, सर," आर्किटेक्ट म्हणाला. त्याची पेन्सिल आधीच चालायला लागली होती. गाडी नवी होती आणि ती येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी असं मला फार वाटत होतं. मी जरा घुटमळलो. आत्यांनी ते ओळखलं. "पावणं," त्या म्हणाल्या, "गाडी मागं अंदारात गप बसती. मला करमत न्हाई, गावाकडं जाती, असं कवा म्हणालीया का ती?"

घर झालं. आईची खोली पुढं, तिला स्वतंत्र दार, दाराबाहेर कट्टा, कट्ट्याला लागून रस्ता. राहायला आल्यानंतर काही दिवसांनी मी सकाळी उठलो, तर आईचं अंथरूण घडी घालून ठेवलेलं, खोली रिकामी, दार उघडं. गेली, असंच वाटलं. तसाच अनवाणी धावत बाहेर आलो. आई कट्ट्यावर बसून एका मेंढक्याशी तावातावानं वाद घालत होती, त्याच्या लंगडणाऱ्या मेंढीला काय बांधावं यावरून. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "मंगलला सांग, दोन कप च्या टाक म्हणावं." मी आत जाऊन स्वयंपाकघरात जमिनीवरच बसलो. मंगलनं घाबरून विचारलं, काय झालं? मला हसू आवरेना, आणि डोळेही पुसावे लागत होते. काहीच झालं नव्हतं. कितीतरी दिवसांनी काहीच झालं नव्हतं.

आताशा आत्यांचे गुडघे गेलेत. प्लॉटवर जाणं बंद झालंय. लोक मोबाईलवर आपलं घर आतून फिरून बघतात, सोफ्याच्या रंगासकट, त्यामुळं फक्की मारायला कुणी बोलावतही नाही. परवा आम्ही मिरजेला भेटायला गेलो. चहापाणी झालं, औषधांचं बोलणं झालं. निघताना त्यांनी माझा हात धरला. "पावणं, कोण बांदतंय का नवीन?"

"सध्या तरी नाही, आत्या."

"बांदूंदे कुनीतरी," त्या म्हणाल्या आणि दाराकडे बघत राहिल्या.

गल्लीच्या टोकाला आल्यावर मंगल म्हणाली, तिचा कराडचा चुलत भाऊ वरचा मजला चढवायचं म्हणत होता. मी तिथंच गाडी कडेला घेतली आणि त्याला फोन लावला. म्हटलं, मिरजेला येऊन आत्यांना गाडीत घाला आणि उचलून गच्चीवर न्या.

"आवं दाजी, अजून कायबी नक्की न्हाई," तो म्हणाला. "बांदीन न बांदीन."

"नक्की नसू दे," मी म्हणालो. "तुम्ही या."