सड्यावरचं दोन मजली घर

मी मुलीच्या घरी राहतो हे गावात कोणी विचारलं तर मी सरळ सांगत नाही. दुबईला असतो, एवढंच म्हणतो. त्यात खोटं काही नाही. अर्धं आयुष्य मी इथे पाण्याचा टँकर चालवला. शारजापासून उम्म अल कुवैनपर्यंत असा रस्ता नाही जो माझ्या चाकाखालून गेला नाही. पण तेव्हा कंपनीच्या खोलीत बायको-मुलीला घेऊन राहायचो आणि आता अल कुसैसला जावयाच्या फ्लॅटमध्ये राहतो, यात फरक आहे. बायको गेल्यावर मुलीने हट्ट करून आणलं. चार दिवस म्हणून आलो, ते चार दिवस अजून चाललेच आहेत.

इथे कायमचं राहायचं नाही हे माझं पहिल्या दिवसापासून ठरलेलं आहे. गावी सड्यावर माझी जागा आहे. सडा म्हणजे डोंगराच्या डोक्यावरचा सपाट कातळ. पावसात गवत, एरवी नुसता दगड आणि वारा. पण तिथून खाडीचं तोंड दिसतं आणि पलीकडे समुद्राची रेघ. तिथे दोन खोल्या बांधायच्या आणि मरायचं ते आपल्या छपराखाली. जागेवर धाकटा भाऊ लक्ष ठेवतो. तो आहे म्हणून मी इथे निवांत झोपतो, किंवा झोपत होतो.

जावयांशी माझं बोलणं कमी. भांडण नाही, माणूस सोन्यासारखा आहे. पण सासऱ्याने जावयाला काही विचारायचं म्हणजे आपण खाली उतरल्यासारखं होतं, आणि जावयाने सासऱ्याचं खोडून काढायचं म्हणजे उद्धटपणा. म्हणून आम्ही दोघे मुलीमार्फत बोलतो, एकाच सोफ्यावर बसून. ते तिला म्हणतात, बाबांना विचार चहा घेणार का. मी तिला म्हणतो, घेईन म्हणून सांग. ती इथेच वाढलेली, तिला हे कळत नाही. "आय ॲम नॉट युअर ट्रान्सलेटर, बाबा," म्हणते आणि चहा ठेवायला जाते.

जावयांना विमान उडवायचा नाद आहे. घरातल्या घरात. हॉलच्या कोपऱ्यात टेबल, त्यावर तीन पडदे एकाला एक लावून ठेवलेले, पुढे विमानाचं हँडल, पायाखाली पेडल. सुट्टीच्या दिवशी सकाळी अंघोळ करून देवाला नमस्कार केला की ते तिथे बसतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हटलं, पोरखेळ. मोठ्या माणसाने चड्डीत बसून पायलट व्हायचं. तोंडाने नाही म्हटलं, पण चेहऱ्यावर असणार.

मग थंडीतल्या एका सकाळी धुकं पडलं. बाल्कनीतून समोरची बिल्डिंग दिसेना. एअरपोर्ट जवळ असल्यामुळे विमानांचा आवाज डोक्यावरून जात होता आणि विमान एकही दिसत नव्हतं. आत आलो तर पडद्यावरही धुकं. तसंच, खाली दाट, वर विरळ, आणि त्यातून उंच टॉवरांची नुसती टोकं बाहेर आलेली, त्यावर कोवळं ऊन. मी पुन्हा बाल्कनीत गेलो. पुन्हा आत आलो. बाहेरचं धुकं फाटायला लागलं तसं आतलंही फाटायला लागलं. जावई मुलीला सांगत होते, पण मला ऐकू जाईल अशा बेताने, की हे लाइव्ह आहे, या क्षणी जिथे जशी हवा असेल, जेवढा उजेड असेल, तसाच इथे दिसतो, सूर्यसुद्धा.

मी चक्रावलो. त्या दिवसापासून खुर्ची ओढून मागे बसायला लागलो. दुपारी वाळूचा धुरळा असला की इथे जमीन आणि आकाश एका रंगाचं होतं, मधली रेघच पुसली जाते. टँकर चालवताना वाटायचं, हा रस्ता सरळ आकाशात चढतोय. ते मी कोणाला सांगून पटवू शकलो नसतो, आणि ते इथे हॉलमध्ये दिसत होतं. कधी विमानाचा आवाज आला की मला समजायचं नाही, हे खिडकीबाहेरचं की टेबलावरचं. मुलगी हसायची. मी हसत नव्हतो. डोळे आपले, कान आपले, आणि तरी दर वेळी तिला विचारावं लागायचं.

एका शनिवारी दुपारी ती म्हणाली, "बाबा, तो विचारतोय, तुमचं गाव दाखवू का?"

विचारायचं काय त्यात, दाखव म्हणावं, असं मी म्हटलं. जावई गोव्याहून निघाले आणि समुद्र डाव्या हाताला ठेवून किनाऱ्याने वर आले. आमच्या बाल्कनीत अजून ऊन होतं आणि तिकडे दिवस बुडायला आला होता. बरोबरच होतं, तिकडचं घड्याळ दीड तास पुढे. खाड्या एकामागून एक येत होत्या. आमची खाडी मी लांबूनच ओळखली. ती तोंडाशी कोपरासारखी वाकते. पाण्यावर घासलेल्या परातीसारखा उजेड पडला होता. मग डोंगर, मग सडा, आणि समुद्राची रेघ, जिथे असायला हवी तिथेच. मी मुलीला म्हटलं, त्यांना सांग जरा खाली घ्या.

खाली आलो तर माझ्या जागेवर घर होतं.

दोन मजली, लाल कौलांचं. मी चष्मा पुसला. जागा माझीच. खाडीचा वाक समोर, आंब्याच्या बागेची कड उजवीकडे. आणि आम्ही वरून एक फेरी मारेपर्यंत अंधारून आलं आणि त्या घराच्या खिडक्यांत दिवे लागले. पिवळे, वरच्या मजल्यावर दोन, खाली एक. म्हणजे आत माणसं राहत होती.

जावई मुलीला काहीतरी सांगायला लागले, त्यांना सांग की घरं सगळी असतीलच असं... पण मी तोवर उठलो होतो. घरचा तमाशा जावयासमोर होऊ द्यायचा नसतो. बाल्कनीत गेलो, दार ओढून घेतलं आणि भावाला फोन लावला.

"सड्यावर घर कोणाचं?" मी विचारलं.

"कुठलं घर?"

"आपल्या जागेवरचं. दोन मजली. आत्ता दिवे लागलेत त्यात."

तो हसला. "दादा, जेवलास का रे? की उपाशी आहेस?"

"मी बघितलंय."

"कुठून बघितलंस?"

"वरून. विमानातून."

मग तो हसायचा थांबला. मागे भावजय भांडी लावत होती, तो आवाज येत होता. मग म्हणाला, "म्हणजे मी तुझी जागा विकून खाल्ली, असं म्हणतोयस."

मी म्हटलं, तसं मी म्हटलेलं नाही. तो म्हणाला, मग कसं म्हटलंस. मी म्हटलं, घर कोणाचं ते सांग. त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी लावला तर भावजयीने उचलला. ते बाहेर गेलेत म्हणाली, आणि मागून त्याच्या खोकल्याचा आवाज आला. तिसऱ्या दिवशीही बाहेरच होते. मला जेवण जाईना. एकीकडे वाटायचं, भावाने असं केलं तर मग जगात राहिलं काय. दुसरीकडे डोळ्यांसमोर ते पिवळे दिवे. जे यंत्र धुकंसुद्धा खोटं दाखवत नाही, ते घर कशाला खोटं दाखवेल? त्याला माझ्या भावाशी काय वैर आहे? आणि जावयांना विचारायचं तर काय विचारायचं, माझ्या भावाने मला फसवलं का, तुमच्या मशिनला विचारून सांगा? इतका मी खाली आलेलो नाही.

मुलगी बघत होती. "बाबा, व्हॉट इज राँग?" तिने दोनदा विचारलं. काही नाही म्हटलं. शेवटी मीच तिला म्हटलं, त्यांना सांग, गाव परत एकदा दाखवा, पण सकाळच्या उजेडात.

सकाळीही घर तिथेच होतं. दिवे मालवलेले, भिंतीवर स्वच्छ ऊन, सावली कातळावर बरोबर पश्चिमेला पडलेली. इतकं नीट की मी हात लावायला पुढे झालो. मग म्हटलं, भावाचंही घर बघून घेऊ, काय काय बांधून ठेवलंय त्याने. जरा डोंगराखाली घ्यायला सांगितलं. तर भावाचं घरच नाही. त्या जागी इथल्या गोडाऊनसारखं सपाट छपराचं काहीतरी पांढरं उभं. शेजारी आमचं देऊळ हवं, तर देवळाच्या जागी उंच टोकदार झाडांचं रान. तसली झाडं आमच्या मुलखात मी जन्मात पाहिली नाहीत.

आता मात्र माझं डोकं चालेना. जागा विकली असेल, समजू. स्वतःचं घर पाडलं असेल, तेही समजू. पण देऊळ कोण विकतं?

मी जावयांकडे वळलो आणि तोंडाने विचारलं, थेट. "जावईबापू, हे घर खरं आहे का?"

ते खुर्चीतून उठून उभेच राहिले. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात थांबली.

"नाही, बाबा," ते म्हणाले. "डोंगर, पाणी, उजेड, हे खरं. घरं आणि झाडं कॉम्प्युटर अंदाजाने ठेवतो."

"आणि दिवे?"

"अंधार झाला की तो सगळ्याच घरांत लावतो."

"मग माझ्याच जागेवर घर कसं ठेवलं त्याने? सडा एवढा मोठा आहे."

त्यांनी जरा विचार केला. जागेभोवती काही बांधलंय का, विचारलं. मी म्हटलं, गडगा आहे, चारी बाजूंनी दगडाचा, भावाने घातलेला, गुरं शिरू नयेत आणि कोणी सरकून येऊ नये म्हणून. ते म्हणाले, मग वरून फोटोत तो चौकोन दिसला असेल, आणि कॉम्प्युटरला वाटलं असेल हे घर आहे.

मी खाली बसलो. भावाने जागा राखायला घातलेल्या गडग्याचंच हे घर झालं होतं. मी रागावून म्हटलं, मग त्या दिवशी का सांगितलं नाही? मुलगी म्हणाली, "सांगत होता तो. तुम्ही उठून गेलात." तरी मी बोललोच. म्हटलं, धुकं खरं, सूर्य खरा, समुद्राची रेघ खरी, आणि मधलं घर तेवढं खोटं, ही कुठली रीत? सगळंच खोटं दाखवलं असतं तर मी एका मिनिटात ओळखलं असतं. हे माझं म्हणणं अजूनही आहे.

मुलीने मला न विचारता काकाला फोन केला आणि सगळं सांगितलं. मग संध्याकाळी माझ्या फोनवर व्हिडिओ आला. भाऊ सड्यावर चालत होता, बोलत काही नव्हता, नुसता वाऱ्याचा फडफडाट. तो चालेल तशी जमीन वर-खाली होत होती. आकाश पांढरंफटक, रंग नाही. समुद्राची रेघ एकदा इकडे कललेली, एकदा तिकडे, मग नाहीशीच झाली. गडगा आला, एका कोपऱ्यात ढासळलेला. आत सुकलेलं गवत आणि भावाची लांबच लांब सावली. घर नव्हतं.

मी तो व्हिडिओ परत परत बघितला. खरं सांगायचं तर तो खोटा वाटत होता. दोन्ही चित्रं माझ्यापुढे ठेवून कोणी विचारलं असतं, यातला तुझा सडा कुठला, तर मी जावयांच्या पडद्याकडे बोट दाखवलं असतं. तिथला उजेड माझ्या लक्षात असलेल्या उजेडासारखा होता. भावाचं चित्र कुठल्याही माळावरचं असू शकलं असतं. डोळ्यांवर सोडलं तर मी अजूनही भावाला चोर म्हटलं असतं. म्हणून डोळ्यांवर सोडलं नाही. त्या सावलीचा उजवा खांदा खाली होता. भाऊ लहानपणापासून तसाच चालतो.

मुलगी म्हणाली, सॉरी म्हणा काकांना. धाकट्या भावाला सॉरी म्हणायची आमच्यात पद्धत नाही, आणि असती तरी ती मला आली नसती. फोन मात्र लावला. या वेळी त्याने स्वतः उचलला.

"दिसलं?" त्याने विचारलं.

"दिसलं."

"किती मजले आहेत?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दिवे मालवून आलो मी," तो म्हणाला. "बिल तुझ्या नावावर येईल."

ते मी ऐकून घेतलं. मग मी म्हटलं, गडगा ढासळलाय कोपऱ्यात. तो म्हणाला, ढासळू दे, आता राखण तू वरून करतोसच, माझं काय काम. ते मला लागलं. तो नुसता चिडवत नव्हता, त्यात खरंही होतं. त्याने हात काढून घेतला तर सड्यावर माझं काही उरत नाही, हे त्याला ठाऊक आहे आणि मलाही. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात येतो, दोघे मिळून गडगा नीट करू.

फोन कट झाला असं वाटून मी स्क्रीन बघितली. चालू होता.

"खरा येणार आहेस," तो म्हणाला, "की वरूनच फेरी मारून जाणार?"

"खरा."

"ये मग. आणि घराचं म्हणशील तर एकच मजला बांधू. म्हातारपणी जिना कोण चढणार?"

मी हो म्हटलं. आत येऊन जावयांना सांगितलं, माझं तिकीट बघा. मुलीला मध्ये न घालता सांगितलं, त्यामुळे दोघेही माझ्याकडे बघत राहिले. तरी अजून माझी गंमत अशी होते की गावच्या जागेचा विचार केला की आधी ते दोन मजली घरच डोळ्यांसमोर येतं, दिवे लागलेलं, आणि मला त्याला मुद्दाम बाजूला करावं लागतं.