मातेओ सरांची भिंत बघायला

पेनसिल्व्हेनियातल्या त्या गावी जायचं ठरलं ते मातेओ सरांमुळे. ऐंशीच्या दशकात आम्ही शेजारच्या राज्यात आयसेलिनला राहत होतो आणि दर बुधवारी संध्याकाळी मी कॉलेजात त्यांच्याकडे चित्रकला शिकायला जायचे. सर मूळचे स्पेनचे. हुकूमशाहीत वडील तुरुंगात गेले, तेव्हा सर तरुणपणीच देश सोडून इथे आले. जन्मभर शाळांतून शिकवलं आणि उरलेल्या वेळात चित्रं काढली. उतारवयात कॉलेजनं त्यांचं पहिलं मोठं प्रदर्शन ठरवलं, तोवर डोळे अधू झाले होते.

"माझं सर्वांत चांगलं काम एका शाळेच्या भिंतीवर आहे," ते म्हणाले. "फोटो आणशील?"

सुधीरनं, माझ्या नवऱ्यानं, शुक्रवारी सुट्टी काढली. रूट ७८ नं पश्चिमेला साधारण अडीच तास. डेलावेअर नदी ओलांडली की डोंगर सुरू होतात. ऑक्टोबरात गेलात तर झाडं बघायला दोनदा तरी गाडी थांबवाल. गावातल्या डायनरमध्ये शाकाहारी माणसाला ॲपल पायशिवाय फारसं काही मिळत नाही. पुऱ्या घरून न्या.

गाव कोळशाच्या खाणींचं. सरांनी शाळेच्या जिममध्ये, म्हणजे खेळाच्या हॉलमध्ये, भिंतीवर खाणकामगार रंगवले होते आणि प्रत्येकाला एकेका विद्यार्थ्याच्या वडिलांचा चेहरा दिला होता. दोन वर्षं लागली होती.

आम्ही जिममध्ये शिरलो. भिंत कोरी होती. फिकट पिवळा, गुळगुळीत रंग.

"फरशी नवी केली तेव्हा भिंतही रंगवून घेतली," मुख्याध्यापक म्हणाले. "ते चित्र फार उदास होतं."

"सरांना कळवलंत?"

"कोणाला?"

मी नाव सांगितलं. त्यांनी स्पेलिंग विचारलं. मी त्या कोऱ्या भिंतीचा फोटो काढला आणि बाहेर पडले.

परतताना सुधीर म्हणाला, "फोटो खराब निघाले म्हण ना यार. म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवायचं?"

मला त्याचाही राग आला. बुधवारी मी सरांना सगळं खरं सांगितलं. फोटो प्रदर्शनात लावू या म्हटलं, म्हणजे लोकांना कळेल तरी.

त्यांनी तो डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि परत दिला. "नको. प्रदर्शन माझ्या कामाचं आहे. हे त्यांचं काम."

मग वर्ग सुरू झाला. माझी रेघ धड येईना.

"राग आलाय ना? मग दाबून काढ," सर म्हणाले. "फाटू दे कागद."

फाटला. त्यांनी दुसरा दिला.

शाळेला मी तीन पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. सर जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्या सहलीतले डोंगर आज नीट आठवत नाहीत. राग मात्र जसाच्या तसा आहे, आणि तो निवळावा असं मला वाटतही नाही.