अक्कांचा पोळपाट

अक्का गेल्याचा फोन मला बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसात आला. त्याला महिना झाला. परवा समाजाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली, हार घातलेला फोटो, 'समाजाचं भूषण' वगैरे म्हणून झालं. मला हसू आलं. याच माणसांनी अक्कांना बोलावणं बंद केलं होतं, आणि ते माझ्यापायी.

जयनगरात अक्कांचं नि आमचं घर शेजारीशेजारी. पिढ्यान् पिढ्या इथंच राहिलेल्या आम्हा मराठी माणसांत लग्न ठरलं की बायका आपापला पोळपाट घेऊन मुलीच्या घरी करंज्या लाटायला जमतात. ज्या घरी पोळपाट येत नाहीत, ते घर वाळीत. भांडण नाही, आरडाओरडा नाही... नुसतं कुणी येत नाही.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. अभिमान आहे, लपवत नाही. यशवंतपूरच्या कन्नड मुलाशी लग्न ठरवलं, तसा समाजातल्या मोठ्यांचा निरोप फिरला, कुणी जायचं नाही. करंज्यांच्या दिवशी आई सतरंजी अंथरून दाराकडं बघत बसलेली. सारणाचं पातेलं तसंच.

आणि अक्का आल्या, काखेत पोळपाट. "पीठ भिजवलंस, का नुसतीच रडतेस?"

"अक्का, तुम्हाला बोलतील हो," आई म्हणाली.

"बोलू देत की! माझ्या बहिणीच्या पोरीच्या वेळी सगळ्या गेल्या नाहीत म्हणून मीपण गेले नाही. सख्खी बहीण एकटी लाटत बसली. कुणी धरलं होतं मला? समाज, समाज... समाज म्हणजे कोण गं? तू, मी, आणि ती खिडकीतनं बघणारी सुशी!" मग खिडकीकडं वळून मोठ्यानं, "सुशे, बघतेस काय? ये, स्वल्प हात लाव!"

सुशीताई आल्या, पदराखाली पोळपाट झाकून. पाठोपाठ आणखी दोघी, मागच्या दारानं. अक्कांनी त्यांना तशाच परत पाठवलं. "पुढच्या दारानं या. चोरी करायला आलात काय?"

त्यानंतर कितीतरी लग्नांत अक्कांना बोलावणं नव्हतं. "सरी, बरंय," त्या म्हणायच्या, "खाऊ देत माझ्यावाचून फुटक्या करंज्या."

शोकसभेनंतर अध्यक्षांनी तो पोळपाट हॉलच्या काचेच्या कपाटात ठेवायला मागितला. अक्कांच्या सुनेनं तो आधीच मला दिलाय. मी नाही म्हटलं. येत्या रविवारी सुशीताईंच्या मुलीच्या करंज्या आहेत. मुलगा ख्रिश्चन. निरोप फिरलाय, कुणी जायचं नाही.

पोळपाट धुऊन उन्हात ठेवलाय. पुढच्या दारानं जाणार आहे.