केळीची गाडी आणि हरवलेली अक्षरं

गेल्या रविवारी तुम्ही दोघांनी शाळेसाठी केलेला प्रश्नांचा खेळ मला फोनवर दाखवलात. मी मुद्दाम चुकीचं उत्तर दिलं आणि पडद्यावर रुसलेला चेहरा आला. मग तुम्ही मला समजावून सांगू लागलात, की प्रत्येक उत्तराच्या मागे एक वेगळं पान दडलेलं असतं. मला ते ठाऊक होतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी, अमळनेरला, मी शिकवत होते त्या आठवीच्या वर्गाने असाच खेळ केला होता. फोनवर सांगायला गेले तर तुम्ही मधेच जेवायला उठाल, म्हणून लिहून पाठवते आहे.

आमच्या शाळेत तेव्हा एकच संगणक होता, एका जुन्या विद्यार्थ्याने दिलेला. मुख्याध्यापकांना तो कार्यालयात हवा होता, निकालपत्रकं आणि दाखले छापायला. मला तो वर्गासाठी हवा होता. सर सरळ माणूस. ते म्हणाले, धुळ्याला शैक्षणिक साहित्याचं प्रदर्शन आहे, तिथे मुलांचं काही दाखवण्यासारखं झालं तर संगणक तुमच्याकडे, नाहीतर सोमवारी तो माझ्या टेबलावर. मुलांनी हे ऐकलं आणि त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत कुणी मैदानावर जाईना.

स्लाइडला आमची मुलं पान म्हणायची आणि एका पानावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या बटणाला उडी. संगणकाला हात लावण्याआधी सगळा खेळ वहीत काढायचा, हा माझा नियम. चौकोन म्हणजे पान, बाण म्हणजे उडी. ती वही ठेवायची एका मुलीकडे. ती चोपड्याच्या बाजूच्या केळीच्या गावातली, शाळेसाठी मामांकडे राहिलेली. घरी अहिराणी बोलायची, वर्गात काहीच बोलायची नाही. त्याला मीही कारण होते. माझं शिक्षण इंग्रजीतून झालेलं. प्रमाण मराठी मी मोठेपणी घोकून कमावली होती, आणि जे स्वतः घोकलं ते दुसऱ्याकडून घोकून घ्यायची खोड मला लागली होती. पहिल्याच आठवड्यात मी तिला दोनदा टोकलं, वर्ग हसला आणि ती गप्प झाली.

खेळ मात्र तिच्याच डोक्यातून आला. प्रश्न केळीचे. बरोबर उत्तराला मालगाडीला एक डबा जोडला जायचा, आणि दहा डबे झाले की गाडी शिट्टी देत पडद्यावरून दिल्लीला निघायची. उत्तर चुकलं की येणाऱ्या पानावर मुलांनी वहीत लिहिलं होतं, "ध्यान कथा शे?" म्हणजे लक्ष कुठे आहे. मी ते लाल शाईने खोडलं आणि वर लिहिलं, "चूक. पुन्हा प्रयत्न करा." मुलांनी निमूटपणे तसं टाइप केलं. खेळाची चव गेली हे मला कळलंही नाही.

धुळ्याला जाताना मी यादी केली होती. फ्लॉपी दोन, एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून. दोन्ही रुमालात गुंडाळून जेवणाच्या डब्यात. वही, खेळ चालवून पाहिल्याची खूण, एसटीची वेळ. सर, मी आणि तीन मुलं निघालो, त्यांत वहीवाली होतीच. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा मुलांनी भेळ मागितली. डब्याला तेलकट हात लागतील म्हणून मी दिली नाही.

प्रदर्शनात संगणक तिथलाच वापरायचा होता. आमची फ्लॉपी घातली, पहिलं पान उघडलं आणि मराठीच्या जागी कंस, टक्क्याची चिन्हं आणि इंग्रजी अक्षरांचा लगदा दिसला. दुसरी फ्लॉपी घातली, तोच लगदा. आमचा मराठी फॉन्ट त्या यंत्रात नव्हता. तोही बरोबर न्यावा लागतो, हे माझ्या यादीत नव्हतं, कारण मला ते माहीतच नव्हतं. चित्रं दिसत होती, बटणं चालत होती, फक्त वाचता काहीच येत नव्हतं.

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. तेवढ्यात परीक्षक समोर येऊन बसले, पांढऱ्या टोपीतले एक निवृत्त शिक्षक. हे काय आहे, असं त्यांनी विचारलं. मी क्षमा मागायला तोंड उघडणार, तर वहीवाली मुलगी माझ्यापुढे झाली. वही तिने उघडलीही नाही. सगळे चौकोन तिला पाठ होते.

ती म्हणाली, "आबा, मी वाचस, तुम्ही बटन दाबा."

घड कापल्यावर पुढचा घड कशाला लागतो, खोडाला, मुळाला की पिलाला, असा तिचा पहिला प्रश्न. पील म्हणजे बुंध्याशी फुटणारं नवं रोप. परीक्षक कोरडवाहू भागातले असावेत. त्यांनी खोडाचं बटण दाबलं. पडद्यावर माझं शुद्ध वाक्य आलं असणार, पण ते लगद्यात बुडालेलं. तिने वहीतलं जुनंच वाक्य म्हटलं, वर स्वतःचीही भर घातली.

"आबा, ध्यान कथा शे? कापेल खोडले घड लागस का?"

कापलेल्या खोडाला कधी घड लागतो का, असं ती थेट परीक्षकांनाच सुनावत होती. परीक्षक मात्र इतके हसले की त्यांना टोपी सावरावी लागली, आणि त्यांनीही अहिराणीतच तिला विचारलं की आता पिलाचं बटण कोणतं. मागे माणसं जमली. कुणी चुकलं की उरलेली दोन्ही मुलंही तिच्याबरोबर तेच वाक्य म्हणायची, आणि माणसं ते ऐकण्यासाठी मुद्दाम चुकू लागली. दहावा डबा लागला आणि गाडी निघाली. शिट्टीला फॉन्ट लागत नाही.

बक्षीस आम्हाला मिळालं नाही. परतीच्या एसटीत सर म्हणाले, "बाई, दाखले आजवर हातानंच लिहिले. लिहू अजून."

पारोळ्याला मी सगळ्यांना भेळ घेऊन दिली. सोमवारी संगणक वर्गातच होता. माझं वाक्य पुसून मुलांचं वाक्य मी स्वतः टाइप केलं. ती मुलगी माझ्या शेजारी उभी होती आणि माझ्या टाइपातल्या चुका दाखवत होती, मोठ्याने.

दोन्ही फ्लॉप्या माझ्या कपाटात आहेत, पण त्या वाचणारं यंत्र आता घरात नाही. वहीही आहे, शाळा सोडताना तिने ती मला दिली. तिसऱ्या पानावर लाल रेघेखालचं वाक्य अजून नीट वाचता येतं.