मास्तरांची कॅमेलिया

समोरच्याच्या चहाला त्याचं मूळ गाव विचारणारा अख्ख्या वऱ्हाडात एकच माणूस झाला, आणि तो नेमका आमच्या अमरावतीत, आमच्याच आळीत राहायचा. शाळेत विज्ञान शिकवायचे म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. तुम्ही हॉटेलात पहिला घोट घेतला की मास्तर शेजारी येऊन बसलेच. "काहून भाऊ, काय पिऊन राह्यले, माईत हाये का? चायचं झाड म्हंजे कॅमेलिया हाये! चीनची!" मग तिच्या बहिणी निघत. जॅपोनिका जपान-कोरियाकडची, सासांक्वा दक्षिण जपानची, आणि बशीएवढ्या फुलाची रेटिक्युलाटा चीनच्याच युन्नानच्या डोंगरातली. तोवर आपल्या चहावर साय धरलेली असे. त्यांची सायकल दिसली की बाकं भराभर रिकामी होत. खोटं कशाला बोलू, मीही मागच्या दारानं सटकलेलो आहे.

मास्तरांना मागंपुढं कोणी नव्हतं. साठ सालच्या आसपास एका जुन्या विद्यार्थ्यानं निलगिरीहून जॅपोनिकाचं रोप आणून दिलं आणि मास्तर चक्क संसाराला लागले. आमची काळी माती तिला सोसेना, म्हणून लाल माती मागवली. उन्हाळ्यात कॅमेलिया वाळ्याच्या ताटीआड गारव्याला, आणि मास्तर बाहेर बाजेवर घाम पुसत! चहाचा चोथा धुऊन ते कुंडीत घालत. माझी बायको म्हणाली, "अवो मास्तर, तिले तिचेच सोयरे खाऊ घालून राह्यले की तुमी!"

"वहिनी, अडीनडीले सोयरेच कामी येतेत," मास्तर गंभीरपणे म्हणाले.

पाच हिवाळे गेले, फूल नाही. लोकांनी थट्टा करून करून तीही सोडून दिली. मास्तर म्हणायचे, "एक फूल येऊ द्या, मंग पाहा लोक माह्या घरी येतेत का नाही."

सहाव्या थंडीत ते सकाळीच माझ्या दारात उभे. "भाऊ, उमललं! लालभडक! चला, चाय टाकतो." मी कामाचं निमित्त काढलं. खरं तर जपान-कोरिया ऐकायचा कंटाळा आला होता. "उद्या नक्की येतो," म्हणालो. उद्याचा परवा झाला, परवाचा तेरवा.

चौथ्या दिवशी गेलो. हे फूल पाकळी पाकळी गळत नाही, अख्खंच खाली पडतं, हे मला तिथं कळलं. मास्तरांनी ते उचलून बशीत ठेवलं होतं. शेजारी सहा कप पुसून मांडलेले, सगळे कोरडे.

"मास्तर, चुकलं माझं."

"चुकते कायचं? तीन दिस थांबलं होतं बिचारं. बसा, चाय टाकतो." त्यांनी चार कप उचलून फळीवर ठेवून दिले.

मास्तर जाऊनही आता बरीच वर्षं झाली. आमच्या दोघांच्या घरांच्या मधे चारच दारं होती हो. तेवढं चालायला मला चार दिवस लागले, याची अजून लाज वाटते.