वरच्या दोन खोल्या

समोरच्या सुमनताईंच्या वरच्या दोन खोल्या बरेच दिवस रिकाम्या आहेत. बघायला येणारे नळ सोडून पाहतात आणि ताई प्रत्येकाला विचारतात, "घरी कोण कोण असतं?"

काल एक बाई आली, तेव्हा मीही वर गेले होते. तिने नळाला हात लावला नाही. पोळ्या लाटायला उभं राहावं तशी ओट्यापाशी उभी राहिली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. घर बघणं म्हणजे बहुधा हेच. तिथे आपण दिसतो का, तेवढं बघायचं.

मग तीच आधी म्हणाली, "मी एकटीच असते." आणि उत्तर ठाऊक असल्यासारखी चपला घालू लागली.

ताई म्हणाल्या, "दूधवाल्याला अर्धा लिटर सांगू ना?"